चालती मढी आणि मायचा आवाज

चिमूरजवळच्या आमच्या गावात मी मोबाइलवर झॉम्बीचा गेम खेळायचे. त्यातली बाई चालत्या मढ्यांपासून वाचायला वाकून, जराही आवाज न करता चालते. माय मागून बघायची आणि वैतागायची. "मुकी हाय का ते? बोलून काऊन नाई राह्यली?" आमच्याकडे मोहफुलं वेचायला जाताना बाया मोठ्यानं बोलतात, म्हणजे वाघ आधीच वाट सोडतो. मी चिडायचे. "माय, गेम हाय तो. मले खेळू दे ना!"

मग त्याच गेमवरचा सिनेमा आला. एका दुपारी दोघींनी तो टीव्हीवर पाहिला. नायिका अंधाऱ्या गोदामात शिरली तशी माय ओरडली, "आवाज दे वं!" नायिकेनं खरंच कुणाला तरी हाक मारली, आणि सगळी मढी तिच्याच अंगावर धावली. माय म्हणाली, "म्हंजे त्याह्यले आपलं भेवच नाई."

दुसऱ्या सकाळी मोहाकडे जाताना माय नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलत होती. मी मात्र कान देऊन होते, समोरच्या पाचोळ्यात काही दूर सरकतंय का म्हणून.