फ्रिजमधली चावी

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी आमच्या किहीमच्या घरी उतरलेल्या पाहुण्यांना भुताची गोष्ट सांगत होतो, आणि भूत नुकतंच विहिरीच्या काठाला हात लावत होतं. "दादा, हेमाताई गेल्या. ओटीवर, खुर्चीत बसल्या बसल्या..." ते भूत अजून तिथेच लोंबकळतंय. मला काही त्याला वर काढता आलेलं नाही. आता काही आठवडे झाले, तरी माझा पाय घरात ठरत नाही. उठतो, बसतो, नारळांमधून फेऱ्या मारतो. हे लिहितानाही मधेच उठून आलो.

हेमाताईंची सगळी नोकरी मुंबईच्या स्टुडिओत, काचेपलीकडे बसून इतरांचे आवाज टिपण्यात गेली. निवृत्त होऊन इथे आल्या आणि शनिवारी सकाळी मागच्या खोलीत आम्हा नवशिक्यांना पॉडकास्ट शिकवू लागल्या. फुकट, वर पोहे. दाराखिडक्यांवर गोधड्या, तोंड आणि माईकमध्ये एक वीत अंतर. सुकी मासळी विकणारी सुनंदा बोंबील कसे वाळवतात ते सांगायला बसली आणि बाजारात ओरडावं तशी ओरडली. "अगं, समोर एकच बाई बसलीय असं समज." "आन् ती भाव पाडाया लागली तर?" "तर हळू आवाजात भांड!" तिचे बोंबील आज दुबईत ऐकले जातात. मी भुताच्या गोष्टी टिपायला बसायचो; माझी शिक्षा वेगळी होती. बोलण्याआधी खोलीची शांतता अर्धा मिनिट टिपायची; पुढे कुठे खोकला कापला तर त्या जागी ती लावायची. अर्धा मिनिट गप्प! मी खुर्ची करकरवायचो, घसा खाकरायचो. "राजे, तुमच्यापेक्षा समुद्र बरा. तो निदान अंगणाबाहेर तरी असतो." शांतता पुरी झाली की बोट वर करून म्हणायच्या, "हं... आता बोला." तेवढ्यानेच समोरच्याची निम्मी भीती पळायची.

फ्रिजची घरघर नको म्हणून आधी तो बंद. पुन्हा चालू करायचं राहू नये म्हणून त्यांच्या स्कूटरची चावी आत, अंड्यांच्या कप्प्यात. चावी घ्यायला गेलं की फ्रिज आठवलाच पाहिजे. मग ती गार चावी गालाला लावून म्हणायच्या, "बघा, आमची एसीची स्कूटर."

स्वतः मात्र कधी माईकसमोर बसल्या नाहीत. "काचेपलीकडची माणसं आम्ही. माझ्या आवाजात काय ठेवलंय?" आमच्या ध्वनिमुद्रणांतून तर त्यांनी स्वतःचं 'हं'सुद्धा कापून टाकलेलं. त्या गेल्या त्या रात्री मी आणि सुनंदाने फोन पालथे घातले. त्यांचा आवाज कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो, तर माणगावहून आलेला पुतण्या नाक दाबून स्वयंपाकघरात उभा. फ्रिज बंद, आतली पापलेटं गेलेली. "काकू फार विसरायला लागली होती वाटतं. एकटी होती, आम्हाला कळलंच नाही..." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. विसरतील? हेमाताई? फ्रिज उघडला. अंड्यांच्या कप्प्यात चावी! मी मागच्या खोलीकडे असा धावलो की पुतण्याला वाटलं, हाही कामातून गेला. रेकॉर्डरवर आदल्या दुपारची एक फाइल होती.

सुनंदाला बोलावून घेतलं, आणि लावली. शांतता... एक कावळा, लांबवर समुद्र. मग, "हं... आता बोला." पुढे बराच वेळ काहीच नाही. एक श्वास. आणखी एक. मग बारीकसं हसू. "छे! जमत नाही बाई." खट्ट.

सुनंदा रडता रडता हसायला लागली. "आमाला मारून मुटकून बोलाया लावलं, आन् सवता घाबरली!" पुतण्या दाराशी उभा होता. हळूच म्हणाला, "परत लावा ना."

आता मी माझ्याच घरी गोधडी टांगतो, फ्रिज बंद करतो, घराची चावी अंड्यांशेजारी ठेवतो. शांतता माझी टिपत नाही, त्यांची लावतो. तेवढा वेळ मी हलत नाही. बायको दारातून बघून जाते, हा जिवंत आहे ना. परवा भुताला विहिरीतून काढायचंच असं ठरवून बसलो. "हं... आता बोला." तोंड उघडलं, आणि शब्द फुटेना. उठलो. फ्रिज उघडून चावी काढली, बटण दाबलं, घरघर सुरू झाली. चावी गार होती. कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि गालाला लावली.