गॅसची चावी शूस्टरबाईंकडे

मी मिरज सोडलं तेव्हा टॅक्सी दारात उभी होती, बॅगा डिकीत गेल्या होत्या, आणि ऐनवेळी आई परत घरात शिरली. "गॅस बंद केलाय का बघून येते," म्हणाली. बाबा वैतागले, "अगं, मघाशीच बघितलास की!" बऱ्याच वेळाने ती डोळे पुसून बाहेर आली. "बंद आहे," एवढंच म्हणाली. बॅगेत मावेना म्हणून भर मे महिन्यात मी अंगात घातलेल्या कोटाची वरची गुंडी तिने लावली आणि टॅक्सी निघाली.

तुमच्यापैकी जे तिकडे राहिलात त्यांना वाटतं, आम्ही विमानात बसलो आणि परदेशात राहू लागलो. जे इकडे आलात त्यांना माहीत आहे की राहायला लागायला फार वर्षं जातात. जर्मनीत न्युरेम्बर्गला आल्यावर आधी मी एकटी आणि मग लग्नानंतर मंदार आणि मी, भाड्याच्या फ्लॅटमध्ये होतो. भिंतीवरच्या रेडिएटरचा गोल खटका फिरवला की खोली गरम व्हायची. ती ऊब कुठून येते याचा मी कधी विचारही केला नव्हता. मिरजेत पाणी तापवायला आई बंब पेटवायची, तेव्हा धूर डोळ्यांत जायचा आणि ऊब कशाची आहे ते बरोबर कळायचं.

मग आम्ही घर घेतलं. शहरापासून एस-बान या लोकलने अर्ध्या तासावरच्या गावात, एका जुन्या जोडघराचा डावा अर्धा भाग. दोन भावांनी मिळून बांधलेलं घर, त्यामुळे दोन्ही भागांना मिळून बॉयलर एकच आणि तोही आमच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात. शेजारी खोलीभर मोठी तेलाची लोखंडी टाकी. उजव्या भागात फ्राऊ शूस्टर, म्हणजे शूस्टरबाई, एकट्या राहायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या. भेटल्या की "ग्र्यूस गॉट" असा इथला नमस्कार करायच्या आणि पुढे जायच्या.

तेलाचा वास जिन्यातून वर यायचा. थेट रॉकेलच्या स्टोव्हचा. बाबा गेल्यावर आई पहिल्यांदाच पूर्ण हिवाळा आमच्याकडे काढायला आली आणि त्या वासाने तिला खोकला लागला. त्यातच तपासणीला आलेल्या माणसाने टाकी तळाशी गंजली आहे, आणखी एक हिवाळा धरणार नाही, असं सांगितलं. नेमका त्याच सुमारास आमच्या रस्त्यात नैसर्गिक वायूचा पाइप टाकला जात होता. मंदार खूश झाला. तेल काढू, गॅस घेऊ, टाकीची खोली मोकळी होईल. फक्त बॉयलर सामाईक, म्हणून फ्राऊ शूस्टर यांची संमती हवी होती.

मंदार आराखडे घेऊन त्यांच्याकडे गेला. दहा मिनिटांत परत आला.

"काय म्हणाल्या?"

"नाइन. काइन गास. गॅस नको. बास."

तो मेकॅनिकल इंजिनिअर. त्याला वाटलं, आपण नीट समजावलं नसेल. पुन्हा गेला, कार्यक्षमतेचे आलेख दाखवले, सुरक्षेचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दार लावलं. त्यानंतर त्यांचं "ग्र्यूस गॉट"ही बंद झालं. मला फार लागलं ते. या रस्त्यावर आम्ही एकटेच भारतीय. वाटायचं, आम्ही बाहेरचे येऊन यांचं घर उकरायला निघालो, असंच सगळ्यांना वाटत असणार. मंदारने तर नवीन टाकीची चौकशी सुरू केली. म्हणजे तोच वास, आणि आईचा तोच खोकला.

आईला यातलं अर्धं कळायचं, पण ती मागच्या अंगणात बसायची आणि कुंपणापलीकडे फ्राऊ शूस्टर प्लम गोळा करायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. एक दिवस कुंपणावर प्लमची टोपली दिसली. आईने त्या प्लमचं गूळ-मोहरी घालून लोणचं केलं आणि बरणी घेऊन मला म्हणाली, "चल, शूस्टरबाईंना देऊन येऊ."

त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं. लोणचं चमच्याने खाल्लं, डोळे मिटले, आणखी एक चमचा घेतला. मला वाटलं, हीच वेळ. मी गॅसचा विषय काढला. चमचा खाली ठेवला गेला. चेहरा पुन्हा दगडासारखा.

आई मराठीत म्हणाली, "तू त्यांना सारखं का नको, का नको विचारतेस. भीती कशाची वाटते ते विचार."

मी विचारलं. त्या खिडकीकडे वळल्या. मग एकसुरात बोलू लागल्या.

त्या मूळच्या इथल्या नव्हत्याच. रोमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनियात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या जर्मनांपैकी त्या एक. तरुणपणी नवऱ्याबरोबर दोन सुटकेस घेऊन इथे आल्या. तिकडे त्यांच्या गावात घराघरात गॅसवर चालणाऱ्या शेगड्या होत्या. कडक थंडीत सरकार गॅसचा दाब कमी करायचं. झोपेत ज्योत विझायची, आणि पहाटे गॅस परत यायचा तो बिनज्योतीचा. त्यांची मैत्रीण आनी आणि तिचा नवरा एका सकाळी उठलेच नाहीत. "दार मी ठोठावत होते," त्या म्हणाल्या. "तिच्याबरोबर बाजारात जायचं ठरलं होतं."

मी ते आईला मराठीत सांगितलं. आईने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"त्यांना सांग," ती म्हणाली, "आमच्याकडे पहिलं सिलिंडर आलं तेव्हा मी महिनाभर चहा स्टोव्हवरच केला. गॅसला हात लावला नाही. मग ह्यांनी माझ्याकडूनच रेग्युलेटर लावून घेतला, काढून घेतला, तेव्हा धीर आला. चावी दुसऱ्याच्या हातात असली की भीती वाटते. ती शूस्टरबाईंच्याच हातात देऊ."

मी घरी येऊन हे मंदारला सांगितलं. "मी त्यांना आलेख दाखवत बसलो," एवढंच म्हणाला आणि त्याने हाइझुंगचं, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या यंत्रणेचं, काम करणाऱ्या मिस्त्रीला फोन लावला. पाइप आमच्याऐवजी त्यांच्या बाजूने आत घ्यायचा आणि मुख्य पिवळी चावी त्यांच्या जिन्याशी बसवायची असं ठरलं. पुढच्या आठवड्यात फ्राऊ शूस्टर यांनी सही केली.

काम सुरू झालं तेव्हा पहिली कडाक्याची थंडी पडली होती. टाकी जागेवरच कापून तुकड्या-तुकड्यांनी बाहेर काढली. काही दिवस दोन्ही घरं गारठलेली. फ्राऊ शूस्टर यांच्या स्वयंपाकघरात मात्र लाकडाची शेगडी होती, म्हणून आम्ही सगळे तिथेच. त्या सूप करायच्या, आई फोडणी द्यायची. माझी मुलगी रेवा आजीला जर्मनमध्ये उत्तरं द्यायची आणि आजीला ती कळायची.

बॉयलर पेटला त्या दिवशी मिस्त्री म्हणाला, "फ्राऊ शूस्टर, आता तुम्ही बंद करा." त्यांनी चावी फिरवली. ज्योत गेली, बॉयलरने स्वतःचं तोंड मिटून घेतलं, पडद्यावर लाल दिवा आला. गॅस परत सोडला तरी ज्योत लागल्याशिवाय तो पुढे येतच नव्हता. त्यांनी ते पुन्हा करून पाहिलं. मग आणखी एकदा. कोणी घाई केली नाही.

तरी पहिले काही आठवडे रोज सकाळी आमचं घर गार असायचं. त्या झोपण्यापूर्वी चावी बंद करायच्या! मंदार थंड पाण्याने दाढी करताना कुरकुरायचा. आई म्हणायची, "अहो मंदारराव, करू द्या. माणसाला वेळ लागतो."

डिसेंबरातल्या एका सकाळी मी उठले, पाय जमिनीवर ठेवले आणि काहीतरी वेगळं वाटलं. रेडिएटरला हात लावला. गरम होता. खाली स्वयंपाकघरात आई आधीच उठली होती. माझ्याकडे बघून नुसती हसली. कुंपणापलीकडून "गूटन मॉर्गन!" असा खणखणीत आवाज आला. त्या विषयावर आम्ही कधीच काही बोललो नाही.

आता रस्त्यावर सगळे विजेवर चालणाऱ्या हीटपंपाच्या गोष्टी करतात. गॅसही एक दिवस जाईल म्हणतात. "जाऊ दे, तेव्हाही आपण दोघी मिळून ठरवू," फ्राऊ शूस्टर मला म्हणतात. टाकीच्या खोलीला आम्ही पांढरा रंग दिला. आई येते तेव्हा सकाळी तिथे प्राणायाम करते. खोकला राहिला नाही.

गेल्या जानेवारीत मी मिरजेहून परतले. फ्रँकफर्टला उतरून ट्रेनने घरी पोचेपर्यंत हात बधिर झाले होते. दार उघडलं तर आत ऊब. फ्राऊ शूस्टर यांच्याकडे आमची किल्ली असते, त्यांनी सकाळीच येऊन सगळ्या खोल्यांतली हाइझुंग वाढवून ठेवली होती. टेबलावर ब्रेड, शेजारी झाकलेलं सूप.

तेवढ्यात आईचा फोन. इतकी वर्षं ती विचारायची, "तिकडे पोचलीस का?" आपण तिला सोडून कुठेतरी 'तिकडे' आहोत, हे त्या एका शब्दात दर वेळी टोचायचं. या वेळी ती म्हणाली, "घरी पोचलीस?"

मी कोट न काढताच खुर्चीत बसले.

"पोचले, आई," म्हटलं. "घर गरम आहे."