दाजी विमानात असताना

आमच्या घरात भूत, करणी, बाहेरची बाधा हे विषय फक्त टिंगलीपुरते निघायचे. बौद्ध घर, वडील सेनगाव तालुक्यात शाळामास्तर आणि मी विमानाच्या इंजिनांचा मेकॅनिक. इंजिनाला हवा, इंधन आणि ठिणगी मिळाली की ते पेटतं. नाही पेटलं तर तिघांपैकी काय कमी पडलं ते शोधायचं, बस्स. या साईटवर येणारे तसले अनुभव वाचून मी दोन-चार जणांना खवचट उत्तरंही दिली आहेत... त्यामुळे आज मला कुणी तसंच उत्तर दिलं, तर माझी काही तक्रार नाही.

दोन हजार तीन-चारच्या आसपासची गोष्ट. हट्ट्याच्या पुढे एका खाजगी साखर कारखान्याने मुरमाची धावपट्टी केली होती. मालक मुंबईहून स्वतःच्या दोन इंजिनांच्या, पंखेवाल्या टर्बोप्रॉप विमानाने येत आणि सोबत मेकॅनिक म्हणून मी असे. हट्ट्यालाच माझी थोरली बहीण, अक्का दिलेली. म्हणून ही ड्यूटी मी मागून घ्यायचो. दाजी कारखान्यात उसाच्या गाड्या उतरवायच्या कामावर होते. माणूस भारी चेष्टेखोर... माझ्या नोकरीला ते 'हवेतला ट्रॅक्टर दुरुस्त करणं' म्हणत.

त्या दिवशी आम्ही मालकांना घेऊन आलेलोच होतो, तेवढ्यात उसाची ट्रॉली मागे सरकली आणि दाजींची छाती भिंत आणि ट्रॉलीच्या मध्ये सापडली. वसमतहून आलेला तरुण डॉक्टर म्हणाला, छातीत रक्त साठतंय, मोठी नस गेलेली दिसते. नांदेडला फोन लावला तर तिथूनही हैदराबादच सांगितलं आणि रस्त्याने नेऊ नका म्हणाले. मालक भला माणूस. माझं विमान घेऊन जा म्हणाले. मागच्या सीटा काढून आम्ही स्ट्रेचर आत बांधलं. अक्का आणि डॉक्टर शेजारी बसले. दाजी शुद्धीत होते, पण ओठ पांढरे पडलेले.

आमच्याकडे उजवं इंजिन आधी सुरू करायची पद्धत. कॅप्टनने स्टार्ट दिला. पंखा फिरला, वेग बरोबर चढला, इंधन सोडलं... आणि काहीच नाही. एक्झॉस्टमधून न जळलेल्या इंधनाची, म्हणजे रॉकेलचीच, पांढरी वाफ तेवढी येत राहिली. कॅप्टनने इंधन तोडलं, नुसतंच इंजिन फिरवून आतलं इंधन बाहेर काढलं आणि पुन्हा प्रयत्न केला. तेच. ठराविक प्रयत्नांनंतर स्टार्टर थंड होऊ द्यावाच लागतो, नाहीतर जळतो. बंद विमानात एसी नाही, एप्रिलचं ऊन. दाजींना खाली उतरवून पंखाच्या सावलीत ठेवलं.

मी कामाला लागलो. टाकीचं इंधन काढून पाहिलं, पाण्याचा थेंब नाही. ठिणगीचा टकटक आवाज स्वच्छ. बॅटरीवर शंका नको म्हणून कारखान्याच्या ट्रकच्या बॅटऱ्या जोडल्या. प्रयत्न केला आणि इंजिन असं पेटलं की जणू काही झालंच नव्हतं. हायसं वाटलं. उजवं चालू ठेवूनच दाजींना डाव्या दारातून आत घेतलं. स्ट्रेचर टेकलं आणि इंजिनाचा आवाज खाली बसला. विझलं! कुणी कशाला हात लावला नव्हता.

त्यानंतर जे झालं ते सांगायलाही ओशाळं वाटतं. दाजी आत असले की उजवं इंजिन पेटेना, बाहेर काढले की पहिल्या झटक्यात पेटे. डाव्याला कसलीच अडचण नाही. मी डावीकडचा, ठिणगी पाडणारा इग्निशन बॉक्स उजवीकडे बसवला, फरक शून्य. बिघाड शोधायची आमची रीत एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. मग आम्ही दाजींच्या वजनाची साखरेची पोती त्याच स्ट्रेचरवर बांधून बघितली. इंजिन मजेत चालू. पोती काढली, दाजींना ठेवलं. पांढरी वाफ.

दर खेपेला उचलताना दाजी कण्हत होते. अक्का पदर तोंडात धरून बघत होती. बघ्यांमधून कुणीतरी बोललंच, हा माणूस विमानाला चालत न्हाई. माझं डोकं सटकलं, पाना घेऊन अंगावर धावलो, कॅप्टनने धरलं. पण तोही मला हळूच विचारत होता, 'ये आदमी में ऐसा क्या है?'

सगळ्यांच्या आधी दाजींनाच ते उमगलं होतं. मला जवळ बोलावून म्हणाले, "पाव्हणं, काहून जीव काढून राहिले? तुमच्या ट्रॅक्टरला साखर पायजे, मी न्हाई पायजे. मला घरी न्या."

मी म्हणालो, "दाजी, आता एकदाच." हे मी आधीही म्हणालो होतो.

दिवस कलला. पट्टीवर दिवे नाहीत, सूर्य बुडाला की उड्डाण बंद. कॅप्टन म्हणाला, शेवटचा चान्स. दाजींना आत ठेवलं. ते आता बोलत नव्हते. अक्काने त्यांचा हात हातात घेतला. मी उजव्या इंजिनासमोर उभा राहिलो. पंखा फिरला, वेग चढला, वाफ आली. मी मनात इंजिनाला आईवरून शिव्या घालत होतो. कॅप्टनचा हात इंधन तोडायला जाणार, एवढ्यात... पेटलं! एकसारखं, गुळगुळीत, कधी दिला नव्हता असा स्टार्ट. मी खरोखर नाचलो. शेपटीला वळसा घालून धावत दारात गेलो आणि ओरडलो, अक्का, पेटलं!

अक्का हसत होती. डॉक्टरची बोटं दाजींच्या मानेवर होती. त्याने माझ्याकडे पाहून नकाराची मान हलवली.

पुढे बसलेल्या कॅप्टनला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने डावंही सुरू केलं. दोन्ही इंजिनं झकास. मी त्याला बंद करायची खूण केली, तशी अक्का म्हणाली, "आता चालू झालंय तर न्या की. थांबून काहून राहिले?"

आम्ही दाजींना उतरवलं. अंधार पडायच्या आत मालक त्याच विमानाने मुंबईला गेले.

नंतर हँगरमध्ये मी ते इंजिन सुटं केलं. नोझल, वायरिंग, इंधनाचा पंप, सगळं उलटंपालटं करून झालं. दोष सापडला नाही. सिनियर लोकांनी योगायोग म्हटलं. साखरेच्या पोत्यांचं सांगितलं की विषय बदलत. ते विमान पुढे बरीच वर्षं उडलं, उजव्या इंजिनाने पुन्हा कधी खोड काढली नाही. मी अजूनही भुतं मानत नाही. पण मग काय मानायचं, तेही कुणी सांगत नाही.

अक्का आता माझ्याकडे असते. त्या दिवशी जीपने रस्त्यानेच नेलं असतं तर, असं ती कधी विचारत नाही. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, रस्त्याने नको असं नांदेडच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं. ती दुसरंच विचारते. परवा भाजी निवडता निवडता पुन्हा विचारलं.

"त्यांचा हात माझ्या हातात होता रे. मला कळलं न्हाई. त्या मशीनला कसं कळलं?"