माना डोलत होत्या, धागा मात्र नव्हता

मंडळी, आज सकाळी हातकणंगल्याजवळच्या आमच्या रेशीम शेडमध्ये गेले. तुतीचा पाला तसाच पडलेला. अळ्या कोष विणायला लागल्यासारख्या माना वर करून डोलत होत्या, पण तोंडातून धागाच येत नव्हता.

फोन करून बोलावलेल्या रेशीम अधिकारी ताईंनी एक अळी चिरडून मायक्रोस्कोपखाली ठेवली. मी डोळा लावला तर तांदळासारखे चमकणारे असंख्य दाणे.

"पेब्रीन रोग हाय," ताई म्हणाल्या. "हे दाणे म्हंजे एका पेशीचा जीव. अळीच्या आईच्या, मादी पतंगाच्या अंड्यातनंच आलाय. ह्याला सोताची ऊर्जा करता येत न्हाय, अळीच्या पेशीतली चोरतो."

"म्हंजे जन्मल्यापास्नं आतच होता?" शेजारी उभ्या सासूबाईंनी विचारलं.

"व्हय की."

रोग पुढच्या पिकात जाऊ नये म्हणून दुपारी सगळ्या अळ्या जाळल्या. सासूबाई हळूच म्हणाल्या, "मग इतके दिवस आपण पाला घालून कुणाला वाढवलं गं?"

तुम्ही काय सांगितलं असतं?