भांडणाची कार्यशाळा

आमच्या सोसायटीत निर्वासित तरुण-तरुणी येणार असं ठरलं आणि सगळ्यात आधी फ्लेक्स छापला गेला. त्यावर गॉगल घातलेले आमचे अध्यक्ष होते, चाकणच्या एका कंपनीतले समाजसेवा बघणारे साहेब होते आणि कोपऱ्यात पासपोर्टच्या आकाराची मी होते, ‘मार्गदर्शक’ म्हणून. निर्वासितांपैकी कोणी नव्हतं. जागा उरली नसावी.

मी भोसरीच्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. मूळची लातूरकडची. नवऱ्याला इकडे नोकरी लागली म्हणून आले, तेव्हा माझ्या बोलण्याला आळीतल्या बायका तोंडावर पदर धरून हसायच्या. आता मी चऱ्होलीला फ्लॅटमध्ये राहते, शुद्ध बोलते आणि माझ्याकडे लोक मार्गदर्शन मागायला येतात.

साहेबांनी मला नीट समजावून सांगितलं. ही मुलं अफगाणिस्तानातली. इथल्या कॉलेजांत शिकायला आली आणि शिकत असतानाच तिकडे राज्य पालटलं. आता परत जायची सोय नाही. चऱ्होली-दिघीत कुठे कुठे दाटीवाटीने राहतात. “आपल्याला त्यांना आपल्यात सामावून घ्यायचंय, मॅडम. पाच रविवार.”

“पाच रविवारांत माणूस सामावतो?”

“सहावा बजेटमध्ये बसत नाही, मॅडम,” ते प्रामाणिकपणे म्हणाले.

पहिल्या रविवारी क्लबहाऊसमध्ये मुलांचं औक्षण झालं. मुलांना फेटे बांधले, मुलींच्या केसांत गजरे माळले, फोटो झाले. मग अध्यक्षांनी ‘आपली संस्कृती’ या विषयावर भाषण केलं. मोठ्यांचा मान राखावा, मटण शिजवताना दार लावून घ्यावं, लिफ्टमध्ये थुंकू नये. आमच्या लिफ्टचे चारही कोपरे गुटख्याने लाल आहेत आणि तेव्हा त्या मुलांपैकी एकानेही त्या लिफ्टमध्ये पाय ठेवलेला नव्हता.

त्यानंतर जुन्या कपड्यांचं वाटप. मुलं इस्त्रीचे शर्ट घालून, बूट चकचकीत करून आलेली. त्यांच्यासमोर आमच्या बायकांनी विटलेल्या कपड्यांच्या पिशव्या रिकाम्या केल्या. काळा कोट घातलेली एक मुलगी होती, कॉमर्स शिकणारी. तिच्या वाट्याला निवडणुकीच्या प्रचाराचा टी-शर्ट आला. तिने तो उलगडून छातीवरचा हसरा चेहरा निरखला आणि आमच्या अध्यक्षांपेक्षा कितीतरी चांगल्या हिंदीत मला विचारलं, “हे निवडून आले का?”

“नाही, पडले.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली. “सरकार पडल्याची आम्हाला सवय आहे.” आणि टी-शर्ट नीट घडी करून तिने खुर्चीवर ठेवून दिला.

दुसऱ्या रविवारी माझा वर्ग सुरू झाला. मी फळ्यावर लिहिलं, ‘मला मराठी भाषा आवडते.’ सगळ्यांनी मुकाट्याने म्हटलं. मग कोटवाल्या मुलीने हात वर केला.

“मॅडम, हे वाक्य कोणाला ऐकवायचं?”

मी खडू खाली ठेवला. मग तीच बोलू लागली. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी कधीपासून घर शोधत होत्या. एजंट आधी म्हणायचा, बॅचलरला देत नाही. या म्हणायच्या, आम्ही मुली आहोत, अभ्यास करतो. मग म्हणायचा, मालकाला नॉनव्हेज चालत नाही. या म्हणायच्या, आम्ही घरात शिजवणार नाही. मग म्हणायचा, घर कालच गेलं. “त्याने खरं काय ते तोंडाने म्हणावं, एवढंच मला हवंय. हिंदीत भांडले तर तो मराठीत उत्तर देऊन फोन ठेवतो. मॅडम, आम्हाला भांडायला शिकवा.”

नोकरीच्या सगळ्या वर्षांत माझ्याकडे असं काही कोणी मागितलं नव्हतं. मी फळा पुसला.

“खरं कारण सांगा की.” “मी नीट बोलतेय, तुम्हीही नीट बोला.” “असं कसं म्हणता तुम्ही?” त्यातला ‘की’ कुठे ओढायचा, ‘असं कसं’ म्हणताना मान कशी वाकडी करायची, सगळं घोटून घेतलं. एक मुलगा फार सभ्य होता. प्रत्येक वाक्याच्या आधी “माफ करा” म्हणायचा. त्याचं ‘माफ करा’ सोडवायला मला अख्खी दुपार लागली. मध्येच त्यांच्या लक्षात आलं की जमीन, दरवाजा, खबर हे शब्द त्यांच्याकडेही आहेत. मग ‘हरामखोर’सुद्धा निघाला, तेव्हा वर्गाला जो आनंद झाला तो ‘मला मराठी भाषा आवडते’ने काही झाला नव्हता.

तिसऱ्या रविवारी एक मुलगा घरमालक झाला होता आणि कोटवाली त्याच्यावर कडाडत होती, तेवढ्यात अध्यक्ष आत आले. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तक्रार गेली होती.

“मॅडम, पुढच्या रविवारपासून हॉल मिळणार नाही. लहान मुलं दुपारची झोपतात.”

“आम्ही हळू बोलू,” ती म्हणाली. मराठीत.

अध्यक्ष दचकले. “तसं नाही, रंगकाम काढायचंय.”

“मग रंग वाळल्यावर येऊ.”

“अहो, लाईटचं बिल किती येतं!”

“आम्ही अंधारात बसू.” मग तिने मान वाकडी केली, बरोब्बर मी शिकवली तशी. “काका, खरं कारण सांगा की.”

खोटं का बोलू, मला कधी नव्हे एवढा अभिमान वाटला. अध्यक्ष तिच्याशी बोललेच नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, “हे शिकवता तुम्ही यांना?”

“हो. उच्चार चांगले आलेत ना?”

हॉल त्या दिवशीच बंद झाला. रंगकाम अजून निघालेलं नाही.

मग मी गावठाणात गेले. ज्यांच्याकडून मी दूध घेते त्या आजींची कांदा साठवायची जाळीची चाळ त्या मोसमात रिकामी होती. त्यांच्या शेताच्या तिन्ही बाजूंनी बिल्डिंगा उठल्यात आणि बिल्डरांशी भांडून भांडून आजींचा आवाज कायमचा बसलाय.

“कुठली पोरं म्हनायची?” त्यांनी विचारलं.

“काबूलची.”

“लांब हाय का?”

“लई लांब.”

“मग बसू द्या. लांबची बरी. जवळची येत्यात ती जमीनच मागत येत्यात.”

उरलेला वर्ग चाळीत झाला. साहेब फ्लेक्स घेऊन आले, पण चाळीला तो बांधायला भिंत नव्हती. शेवटी त्यांनी मुलांना बिल्डिंगा मागे येतील असं उभं केलं आणि फोटो काढला.

समारोप चाकणला, कंपनीच्या ट्रेनिंग हॉलमध्ये. हेल्मेट घालण्याच्या पाट्यांखाली बाहेरून आलेले बडे साहेब बसले होते. प्रमाणपत्रं वाटून झाल्यावर कोटवालीला आभाराचे दोन शब्द बोलायला सांगितलं. ती माईकसमोर गेली आणि मराठीत बोलली. माझे आभार मानले, चहाबद्दल आजींचे मानले. मग म्हणाली, “तुम्ही आम्हाला सामावून घेतलं. आम्हाला अजून घर मिळालेलं नाही. इथे कोणाचा फ्लॅट रिकामा आहे का? हात वर करा.”

कोणी केला नाही. समोरच्या रांगेत बसलेल्या आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांचे दुसरे फ्लॅट भाडेकरूची वाट बघत पडून होते, हे मला माहीत होतं. आमच्या अध्यक्षांचा तर माझ्याच मजल्यावर आहे. तेवढ्यात बड्या साहेबांनी, ज्यांना मराठीचा गंध नव्हता, जोरजोरात टाळ्या वाजवल्या. साहेब वाजवतायत म्हटल्यावर सगळ्यांनी वाजवल्या. अध्यक्षांनीही.

परतताना कंपनीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. रडली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मॅडम, हात वर करा हे मी बरोबर म्हटलं ना?” मी म्हटलं, अगदी बरोबर.

त्या तिघींना खोली शेवटी आजींनीच दिली, गोठ्याच्या माडीवरची. दया वगैरे काही नाही. भाडं त्यांनी चोख सांगितलं, पोलिसांकडची कागदपत्रं पुरी करून घेतली आणि वर एक अट घातली. “मटन केलं तर वाटीभर खाली धाडा. सुनंला कळू देऊ नका, तिनं माळ घातलीया.”

परवा दूध आणायला गेले तर आजींची आणि कोटवालीची जुंपलेली. पाण्याची मोटार चालू राहून टाकी वाहिली होती. आजी म्हणत होत्या, तूच ठेवली. वरून कठड्याला टेकून ती ओरडत होती, “न्हाई वं आजी, म्या न्हाई ठेवली! आमी सकाळधरनं खाली आलोच न्हाई!”

मी शिकवलेलं शुद्ध मराठी त्यात औषधालाही नव्हतं. दोघींपैकी कोणाला माझ्याकडे बघायची फुरसत नव्हती. मी स्वतःच कॅनमधलं दूध किटलीत ओतून घेतलं.