चादरीचं डोक्याकडचं टोक

"सगळे आसात मा?"

पेशंटला ट्रॉलीवरून खाटेवर घ्यायचं असलं की भाई आधी हे विचारायचे. चादर धरून आम्ही चौघं उभी. सगळे आहोत हे त्यांना दिसत असायचंच, तरी प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून घ्यायचे आणि मगच मोजायला लागायचे. तीन म्हटलं की पेशंट अलगद पलीकडे.

पेडणे तालुक्यातल्या आमच्या सरकारी इस्पितळात ते अटेंडंट होते, मी नर्स. डोक्याकडचं टोक कायम त्यांचं. एकदा मांडीचं हाड मोडलेल्या आजीला उचलताना कुणीतरी दोनलाच ओढलं. आजी किंचाळली. भाई कुणावर रागावले नाहीत. तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "आये, आता तू पण मोज आमच्यावांगडा." कण्हत कण्हत तिने मोजलं. नंतर हात धुताना मला म्हणाले, "माणूस जड नसता गो, सिस्टर. एकान आधी उचलल्यान की जड जाता."

औषधांचं लोखंडी कपाट हलवायचं होतं, तेव्हा सवयीने त्याच्यावरही हात ठेवून म्हणाले, "घाबरा नको हां." आम्ही इतकी हसलो की कपाट तसंच राहिलं. सगळ्यांत जास्त हसत होते भाईच.

मेलेल्या माणसालाही ते मोजूनच उचलत. कशाला, असं मी विचारलं होतं. "तेका आता दुखला तर सांगूक येवचा नाय," ते म्हणाले.

तुम्ही अपघाताचा पेशंट येताना पाहिला असेल. आधी आवाज येतो, मग माणसं धावतात, आणि कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नसतो. त्या दुपारी ॲम्ब्युलन्स धारगळच्या हायवेवरून आली. भाई नेहमीसारखे ट्रॉली घेऊन पुढे धावले. दार उघडलं. आत त्यांचा मुलगा होता. जेवायला घरी निघाला होता. मोटरसायकलला मागून ट्रकने उडवलं होतं.

श्वास चालू होता. त्याला टेबलावर घ्यायचं होतं. मी म्हटलं, "भाई, तुम्ही बाहेर बसा. आम्ही घेतो."

"नाय. नवो हात इलो तर धक्को बसतलो."

ते डोक्याकडे गेले. चादरीची टोकं मुठीत गुंडाळून घेतली. "सगळे आसात मा?" आवाज रोजचाच. एकेकाकडे बघितलं. मग खाली वाकून, "बाबू, घाबरा नको. तू पण मोज."

एक म्हणाले. दोन म्हणाले. आणि थांबले.

ते मुलाच्या ओठांकडे बघत होते. आम्ही चादर ताणून धरलेली. डॉक्टरही थांबले. तो आकडा त्यांच्या तोंडून काढून घ्यायची कुणाची हिंमत होईना. शेवटी मान वर न करता ते म्हणाले, "तू म्हण, सिस्टर. माका जमणा नाय."

मी तीन म्हटलं. त्याला उचललं. कुठेच धक्का बसला नाही. संध्याकाळ व्हायच्या आत तो गेला.

भाई पुन्हा कामावर आले, पण पेशंट उचलायची वेळ आली की व्हरांड्यात जाऊन नातेवाइकांच्या शेजारी बसायचे. ज्याची आई आत असेल त्याचा हात आपल्या हातात धरून ठेवायचे. पुढे मुदतीआधीच त्यांनी नोकरी सोडली.

मध्यंतरी मी धारगळला त्यांच्या घरी गेले. वहिनींनी चहाबरोबर तांदळाचे पोळे केले होते. भाईंनी परसातली दोन तवशी, चांगल्या हातभर काकड्या, बळेच माझ्या पिशवीत घातली. मी निघाले तशी मला बसपर्यंत सोडायला उठत म्हणाले, "चल, बसर घालतंय."

पेडण्याची बस हायवेच्या पलीकडे थांबते. कडेला आल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. गाड्या जात होत्या. मग रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना लांबवर काही नव्हतं. मी पाऊल उचललं, पण मनगट सुटेना. पुन्हा गाड्या आल्या, पुन्हा रस्ता रिकामा झाला. भाई हलले नाहीत.

"भाई, मी जाते हां," मी म्हटलं.

त्यांनी एकेक बोट सोडवून घेतलं.

मी पलीकडे गेले, बस आली, खिडकी मिळाली. आता वळून घरी जातील असं मला वाटलं. बस सुटली तरी ते त्या कडेलाच उभे होते, आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करून सांगत होते, हळू, हळू.