गैरहजर बशीरभाई

बशीरभाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, शबानाने केला, तेव्हा मी त्यांच्याच गैरहजेरीची कागदपत्रं समोर घेऊन बसले होते. "बाई, अब्बा गेले सकायी..." एवढंच ती बोलली. मी "अरे देवा" म्हटलं आणि फोन ठेवला. पण दुःखाच्या आधी मनात काय आलं असेल, तर सुटलो एकदाचे! आता सुनावणीला बुलढाण्याला जावं लागणार नाही. माणूस किती कोडगा होतो बघा. या गोष्टीला दीड महिना झाला, पण त्या एका क्षणाची लाज काही केल्या जात नाही. मी घरात इकडून तिकडे फिरत राहते, हातातलं काम अर्धं सोडून दुसरं धरते. म्हटलं, लिहूनच टाकावं.

जळगाव जामोदला आमच्या संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतल्या मुली तिथे राहून शिकतात. मी निवृत्त शिक्षिका आणि संस्थेची सचिव. बशीरभाई बाजारातले शिंपी आणि आमचे एक विश्वस्त. वसतिगृह सुरू झालं तेव्हा पहिल्या मुलींचे गणवेश त्यांनी शिवले. माप घ्यायची वेळ आली की टेप ते मुलींच्याच हातात देत. एकीने दुसरीचं माप घ्यायचं आणि आकडा मोठ्याने सांगायचा. बशीरभाई लांब उभे राहून लिहून घेत. ही रीत बघूनच आमच्या त्या वेळच्या अध्यक्षांनी त्यांना विश्वस्त मंडळात घेतलं. पुढे मंडळाला या गोष्टीचा फार पश्चात्ताप झाला.

आमच्याकडे संस्थांच्या सभा कशा होतात, हे वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. फलकावर नोटीस लागते, सभा कागदावर होते, आणि मग प्रोसिडिंगची वही घरोघर फिरते. कुणी ओट्यावर, कुणी दुकानाच्या गल्ल्यावर, कुणी मोटरसायकलच्या सीटवर वही ठेवून सही ठोकतो. वाचत कुणीच नाही. वही फिरवणारी मी. 'वसतिगृहाची पाहणी केली, व्यवस्था समाधानकारक आढळली' हे वाक्यही मीच दर तीन महिन्यांनी मागच्या पानावरून उतरवून काढायची. यात काही खोटं आहे असं मला कधी वाटलंच नाही. सगळेच करतात ना!

बशीरभाई मात्र नोटीस खरी मानायचे. सकाळी अकराची सभा म्हटली की दुकान बंद करून पावणेअकराला वसतिगृहाच्या सभागृहात सतरंजीवर जाऊन बसत. तासभर बसत. कुणी येत नसे. संध्याकाळी मी वही घेऊन गेले की मशीन न थांबवता विचारत, "कायची सही, बाई? सभा झालीच नाही त."

"अहो बशीरभाई, सगळ्यांनी केली आहे..."

"सगळे होते कुठी? मी त आल्तो. तुमीच नवत्या."

मला संताप यायचा. हा शिंपी फार नाकाने कांदे सोलतो, असं मी घरी येऊन बोलत असे. नवे अध्यक्ष म्हणाले, "सही नाही ना? मग गैरहजर लिहा." मी लिहिलं. लागोपाठ तीन सभांना.

त्या रिकाम्या तासांत मुली त्यांच्या भोवती जमत. त्यातूनच त्यांना कळलं की न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नाही. एक मुलगी आत, तर दुसरी बाहेर राखणीला, असं कित्येक महिने चाललं होतं. ललिता नावाची आठवीतली मुलगी एकदा एकटीच गेली, आणि सामान पोचवायला आलेल्या एका माणसाने दार ढकललं. ललिता ओरडली, तो पळाला. दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन गावी गेली, ती परत आली नाही. आमच्या वहीत तेव्हाही व्यवस्था समाधानकारकच होती. "तिच्या मैत्रिणीनं मले सांगतलं," बशीरभाई म्हणाले, "तुमाले काऊन नाही सांगतलं, बाई?"

त्यांनी बाजारातून कडी आणली आणि स्वतः बसवली. त्यावर अध्यक्षांनी त्यांना नोटीस काढली, ठरावाशिवाय संस्थेच्या मालमत्तेत बदल केल्याची! ती नोटीसही मीच लिहिली. मग मात्र बशीरभाईंनी बुलढाण्याच्या धर्मादाय कार्यालयात तक्रार दिली. लगेच अध्यक्षांना नियमावलीतलं कलम आठवलं: सलग तीन सभांना गैरहजर राहणाऱ्याचं पद रद्द. एकटाच येणारा माणूस न आल्याबद्दल काढला गेला. विश्वस्तांच्या यादीतून त्यांचं नाव काढायचा तसा बदल अर्ज आम्ही त्याच कार्यालयात दिला, त्यांनी हरकत घेतली आणि सुनावणी लागली.

त्याआधी एकदा ते माझ्या घरी आले. चहा घेतला. "मले खुर्ची नाही पायजे, बाई," म्हणाले. "पण वहीत लिवलं हाय का व्यवस्था बरी हाय. ते तसंच राह्यलं त पुढच्या पोरीचं बी कोणी आयकणार नाही."

"वही खोटी ठरली तर वसतिगृहाची मान्यता जाईल, बशीरभाई. पोरी कुठे जातील?"

त्यांनी कप खाली ठेवला. "ललिता कुठी गेली, बाई?"

त्यानंतर आमची भेट झाली नाही.

ते गेल्यावर अध्यक्षांनी नवा अर्ज माझ्याकडे सहीला पाठवला. जुना मागे घ्यायचा, 'मयत' म्हणून नाव कमी करायचं, मिटला वाद. नाव तर कसंही कमी होणारच होतं. सही केली असती तर कुणाला काही कळलं नसतं. चार दिवस तो कागद मी या टेबलावरून त्या टेबलावर ठेवत राहिले. मग वही पिशवीत टाकली, प्रतिज्ञापत्र करून घेतलं आणि बुलढाण्याची एसटी धरली.

धर्मादाय कार्यालयातल्या साहेबांनी तिन्ही सभांची पानं वाचली. "सभांना प्रत्यक्ष हजर कोण होतं?"

"एकटे बशीरभाई."

"आणि तुम्ही?"

"मी गैरहजर होते, साहेब. या सह्या घरोघर जाऊन घेतल्या आहेत. पाहणीही कधी झाली नाही."

आता चौकशी लागली आहे. अध्यक्ष माझ्याशी बोलत नाहीत. माझ्यावर काय कारवाई व्हायची ती होईल. वसतिगृह टिकेल की नाही, या काळजीने मात्र जीव थाऱ्यावर नाही. बशीरभाईंवर रागही येतो. इतक्या उशिरा शहाणं करून निघून गेलात होय?

परवा सभेची नोटीस लागली होती. अकराला मी जाऊन सतरंजीवर बसले. दुसरं कुणी आलं नाही. मुली व्हरांड्यातून येत-जात होत्या, माझ्याकडे बघत होत्या, पण आत कुणी येईना. शेवटी एक छोटी दाराशी थांबली.

"बाई, भाई त गेले. आता आमी कोणाले सांगाचं?"

'मला सांग' म्हणायला मला तोंड नव्हतं.